मिरवणूक बघणारे डोळे

गणपतीच्या पंधरा-वीस दिवस आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपातला चहा, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, एखाद-दोन कॉर्पोरेटर आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ या सदरात माझ्यासारखे काहीजण. सगळा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात गेल्यामुळे बैठकीचा क्रम मला पाठ झालाय. डीजे किती वाजता बंद, मूर्तीची उंची, विसर्जनाचं कृत्रिम तळं, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा. यंदा मात्र निम्मा वेळ वेगळ्याच गोष्टीत गेला. वरून ड्रोन फिरणार, कॅमेरे चेहरे ओळखणार, मोबाइलवरच्या मजकुरावर नजर ठेवायला माणसं बसणार. “चिंता नको, या वेळी सगळं डेटावर आहे,” असं सांगून साहेबांनी समारोप केला.

शेजारी बसलेल्या काकांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “म्हणजे नक्की कशावर आहे रे?”

मला त्यांना तिथे धड सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

ओटल्यावरची आजी, किराण्याची वही आणि पोस्टमन

आपल्या जुन्या शहरातली कुठलीही पोळ, म्हणजे दाटीची गल्ली, घ्या. ओटल्यावर बसलेली आजी कोण आलं, कोण गेलं ते बघते. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत कोणाची ओढाताण चाललीय ते लिहिलेलं असतं. कोणाचं पत्र कुठून येतं ते पोस्टमनला माहीत असतं. तिघांकडेही माहिती आहे, पण प्रत्येकाकडे एकेक तुकडा. तिघं कधी एका खोलीत बसून तुकडे जुळवत नाहीत, म्हणून पोळीत राहणाऱ्याला गुदमरल्यासारखं होत नाही.

सरकारी डेटा तंत्रज्ञान म्हणजे या तिघांना एका खोलीत बसवणं. आजीच्या जागी कॅमेरा, वहीच्या जागी वाहन नोंदणी, लायसन्स आणि गुन्ह्यांच्या नोंदी, आणि पोस्टमनच्या जागी मोबाइल कंपनी. तिच्याकडे तुमचं बोलणं नसतं, पण कोणी कोणाला, कधी, कुठल्या टॉवरखालून फोन केला ते असतं. याला मेटाडेटा म्हणतात. पाकिटातलं पत्र न वाचता पाकिटावरचे शिक्के वाचणं, असं समजा.

गुजरातेत ही खोली प्रत्यक्षात आहे. २०२० च्या जानेवारीत गांधीनगरला ‘विश्वास’ प्रकल्पाचं उद्घाटन झालं. पहिल्या टप्प्यात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं, सहा तीर्थक्षेत्रं आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी मिळून सात हजारांवर कॅमेरे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला ‘नेत्रम्’ म्हणतात, राज्याच्या कक्षाला ‘त्रिनेत्र’. सिग्नल तोडल्यावर घरी जे ई-चलन येतं ते याच व्यवस्थेतून. तिसरा डोळा उघडला की काय होतं हे आपल्याला पुराणात सांगितलेलं आहे. नाव ठेवणाऱ्याने तेवढा विचार केला होता का, कोण जाणे.

राज्यकर्त्याला खबर हवी असते, यात नवं काही नाही. पेशवाईतही दरबारोदरबारी बातम्या लिहून पाठवणारे अखबारनवीस असत. पण अखबारनवीसाला पगार द्यावा लागे, आणि एक माणूस दिवसात बघून बघून किती बघणार? म्हणून तो ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्यावरच ठेवायचा. कॅमेऱ्याला निवड करावी लागत नाही. तो सगळ्यांचंच टिपून ठेवतो आणि निवड मागाहून होते. फरक इथे पडतो.

यंत्र चेहरा ‘ओळखतं’ म्हणजे काय करतं?

यंत्र तुम्हाला ओळखत नाही, ते शिंप्यासारखं माप घेतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण, हनुवटीचा उतार, अशा शेकडो गोष्टींचे आकडे करतं आणि यादीतल्या चेहऱ्यांच्या आकड्यांशी ताडून बघतं. उत्तर ‘हाच तो’ असं कधीच येत नाही. येतं ते ‘इतकं इतकं जुळतं’. किती जुळलं म्हणजे जुळलं म्हणायचं, ते माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहितीच्या अधिकाराखाली २०२२ मध्ये सांगितलं, की ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर ते जुळलं असं धरतात. खाली आलं तरी तो चेहरा सोडून देत नाहीत, आणखी पुरावा शोधतात.

हे तंत्र झपाट्याने सुधारलंय, हेही मान्य करायला हवं. हरवलेली मुलं शोधण्याच्या खटल्यात २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर यंत्राची अचूकता २ टक्के असल्याचं आलं होतं, आणि पुढच्या वर्षी तर ते मुलगा-मुलगी हा फरकही करू शकत नाही असं केंद्रीय मंत्रालयानेच सांगितलं. आजची यंत्रं त्याच्या कितीतरी पुढे आहेत. पण माप शेवटी कापडावर अवलंबून. पासपोर्टचा समोरून काढलेला फोटो वेगळा. गुलाल फासलेला, घामेजलेला, खांबावरच्या कॅमेऱ्याने वरून टिपलेला चेहरा वेगळा. शिवाय अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१९ मध्ये तपासलं तेव्हा तिथे बनलेल्या बऱ्याच यंत्रांची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांवर गोऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त निघाली.

लाखाच्या गर्दीचं गणित

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पाटीवर करून बघा.

समजा मांडवी ते न्यायमंदिर या पट्ट्यात मिरवणुकीला एक लाख माणसं आली. त्यांत पोलिसांच्या यादीतली ५० आहेत. यंत्र चांगलं आहे: ५० पैकी ४५ पकडतं, आणि निरपराध माणसाच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकतं. ऐकायला झकास. पण निरपराध किती आहेत? जवळजवळ एक लाख. त्यांचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण एक हजार. पडद्यावर १,०४५ वेळा घंटा वाजेल आणि त्यांतल्या फक्त ४५ खऱ्या. दर तेवीस घंटांमागे एक.

यंत्र दहापट सुधारलं, हजारात एकदाच चुकायला लागलं, तरी १०० चुकीच्या आणि ४५ खऱ्या. म्हणजे घंटा वाजल्यावर तो माणूस निर्दोष असण्याची शक्यता दोषी असण्यापेक्षा दुप्पट.

यात यंत्राची लबाडी काही नाही. जे शोधायचंय ते फारच थोडं आहे आणि गवताची गंजी फार मोठी, एवढंच. आता तो बाराशे रुपये रोजाने ढोल वाजवायला आलेला पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याला बाजूला घेतलं, दोन तास बसवलं, ‘सॉरी’ म्हणून सोडलं. सोडताना कोणीतरी मोबाइलवर शूट केलं आणि ते गावभर फिरलं, ‘आमच्या पोराला धरलं’ म्हणून. ज्या ठिणगीसाठी कॅमेरे लावले ती आपणच पाडली. अमेरिकेत डेट्रॉइटला २०२० मध्ये यंत्राच्या जुळणीवरून एका माणसाला त्याच्या बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या. तो चोर नव्हता.

दंगल आधी कळेल का?

बैठकीत ‘संवेदनशील पॉइंट आधीच मार्क केलेत’ असं वाक्य आलं. भाकिताचा दावा तो हाच. जिथे पूर्वी झालं तिथे पुन्हा होईल.

यात तथ्य आहे, आणि बडोदेकरांना ते टोचणारं आहे. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद वर्तमानपत्राचे जुने अंक चाळून तयार केली. मृत्यूंपैकी साधारण ४५ टक्के फक्त आठ शहरांतले निघाले. त्या आठांत मुंबई, अहमदाबाद आहेत, आणि बडोदाही आहे. सयाजीरावांच्या, सुसंस्कृत वगैरे म्हणवणाऱ्या आपल्या बडोद्याचं नाव तिथे बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. खेड्यांतले मृत्यू चार टक्क्यांहून कमी.

म्हणजे दंगल सगळीकडे होत नाही, ठराविक जागी होते, हे डेटा खात्रीने सांगतो. पण कुठल्या वर्षी, कुठल्या रात्री, कोणाच्या हातून, हे सांगत नाही. पानशेत कुठल्या नदीवर आहे ते नकाशावर दिसतं. धरण कधी फुटेल ते नकाशाला कसं कळणार?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पोलिसांकडचा डेटा म्हणजे झालेल्या गुन्ह्यांची नोंद नव्हे, पोलिसांनी *नोंदवलेल्या* गुन्ह्यांची नोंद. ज्या मोहल्ल्यात गस्त जास्त तिथे नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून यंत्र म्हणतं, तिथेच गस्त वाढवा. पुढच्या वर्षी नोंदी आणखी वाढतात. अलकापुरीसारख्या उच्चभ्रू वस्तीत कोणी दारू पिऊन गोंधळ घातला तर तो ‘पार्टी’त जमा होतो, अरुंद गल्लीत घातला तर तक्त्यात. कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ शहर असलं भाकीत करणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पहिल्या काही शहरांपैकी. २०२० मध्ये त्यानेच त्यावर बंदी घातली.

“पण कॅमेऱ्यांनी फायदा होतोच की”

होतो. माझं कॅमेऱ्याशी वैर नाही.

चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटले होते. सगळ्यात चांगला परिणाम पार्किंगच्या जागांत. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. कारण सोपं आहे. गाडीचा आरसा चोरणारा वर बघून विचार करतो. डोक्यात सणक गेलेला विचार करत नाही, आणि ठरवून आलेला तोंडाला रुमाल बांधून येतो.

कॅमेऱ्याची खरी ताकद नंतर कळते. दगड कोणी मारला, आधी कोण सरकलं, ‘आमच्यावर हल्ला झाला’ म्हणणारा तिथे होता तरी का, हे फूटेज सांगतं. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर गृहमंत्र्यांनी ११ मार्चला लोकसभेत सांगितलं, की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने १,१०० हून जास्त लोकांची ओळख पटवली आणि त्यासाठी मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्सचा डेटा वापरला. लायसन्स काढताना आपण फोटो दिला तो गाडी चालवण्यासाठी, हे त्या दिवशी फारशा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि फूटेज कोर्टात उभं राहायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ त्यासाठी प्रमाणपत्र मागतं, त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षरा-आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदला, ओळ पूर्ण बदलते. पूर्वी खलित्यावर लाखेचं सील असायचं ना, तेच. सील नसलेलं फूटेज व्हॉट्सअॅपवर निकाल देतं, कोर्टात नाही.

मग नेटच बंद करावं?

आपण हे भोगलंय. २०१४ च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या दिवसांत, फेसबुकवरच्या एका चित्रावरून बडोद्यात पेटलं आणि मोबाइल इंटरनेट व घाऊक एसएमएस काही दिवस बंद झाले. पुढच्याच वर्षी पाटीदार आंदोलनात पुन्हा. अफवेची वाहिनीच तोडावी, हा विचार वरकरणी बरोबर वाटतो. पण अफवा नेटच्या आधीपासून पायी चालते. नेट तुटल्यावर तिला खोडणारा खरा फोटो, मुलगा सुखरूप आहे हा निरोप, हेच अडतं. यान रिड्झाक या अभ्यासकाने भारतातल्या इंटरनेटबंदीचा अभ्यास २०१९ मध्ये मांडला. बंदीनंतर हिंसक निदर्शनं कमी होण्याऐवजी वाढल्याचं त्यात दिसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलं, की बंदीचे आदेश प्रसिद्ध करा आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश वाचायला मिळाला तर निदान भांडता येतं.

नजर ठेवून शांतता आली, अशी जागा आहे का?

आहे, आणि ती मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते.

१९७३ च्या युद्धानंतर इजिप्त आणि इस्राएल एकमेकांवर काडीचा विश्वास ठेवायला तयार नव्हते. सिनाईच्या वाळवंटात मितला आणि गिद्दी अशा दोन खिंडी आहेत. सैन्य न्यायच्या मुख्य वाटा तिथूनच. १९७५ च्या करारात ठरलं, की खिंडींपाशी जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं बसवायची आणि त्यांच्यापाशी अमेरिकन नागरी कर्मचारी बसवायचे. १९७६ पासून ते सुरू झालं. गंमत यंत्रांत नाही, अहवालात आहे: जे काही हललं त्याची खबर दोन्ही देशांना सारखीच. एकाला गुपचूप नाही. १९९२ च्या ‘खुल्या आकाशा’च्या करारातही तेच होतं. एकमेकांच्या हद्दीवरून विमानं उडवून फोटो काढा, पण ते सगळ्या सदस्य देशांना मिळाले पाहिजेत.

आता भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भाजलेलं गाव. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस शिपाई वर्षभर नियमाने भेटायचे, फक्त सणाच्या तोंडावर नाही. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथेही माहितीच गोळा होत होती, पण ती दोन्ही दिशांना वाहत होती. पोलिसांना मोहल्ल्याची खबर, मोहल्ल्याला पोलिसांची. अफवा आली की ‘अरे, मी आत्ता बोललो त्याच्याशी’ म्हणणारा माणूस दोन्हीकडे होता. वार्ष्णेय यांचाही निष्कर्ष याच्या जवळ जातो: जिथे व्यापारी संघ, युनियन, क्लब यांत दोन्ही समाज रोज एकत्र असतात, तिथे ठिणगी पडली तरी वणवा होत नाही.

आमची शांतता समिती वर्षातून दोनदा चहाला भेटते. आणि ‘नेत्रम्’च्या पडद्यावर काय दिसलं ते समितीला कोणी सांगत नाही.

“मला काय लपवायचंय?”

काकांचं हेच म्हणणं. मी त्यांना विचारलं, “न्हाणीघराला कडी का लावता?” ते हसले, पण मुद्दा निसटला. लपवणं आणि खासगी असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय दुखण्याच्या प्रमाणात हवा. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून वगळू शकतं. कारणांच्या यादीत देशाची सुरक्षा आहे, आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ही आहे. म्हणजे शांतता हेच ते दार. शांततेसाठी म्हटलं की विचारायची सोयच संपते, आणि चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही. युरोपने २०२४ मध्ये केला: रस्त्यावरच्या लोकांचे चेहरे त्याच क्षणी ओळखायला पोलिसांना मनाई, अपहृत मुलं, दहशतवाद असे मोजके अपवाद सोडून.

“मग पोलिसांचे हात बांधायचे का?” नाही. पण नजर उलटीही फिरू दे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे लावायला आणि फूटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय. आपल्या चौकातलं फूटेज किती दिवस ठेवतात, ते कोण बघतं, बघितल्याची नोंद होते का, जुळणीला किती टक्के धरतात, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. गुजरातेत वीस रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. सुरक्षेचं कारण देऊन काही उत्तरं नाकारतील. नाकारली तर तेही लेखी मिळतं.

हे सगळं लिहून झाल्यावर आठवलं, की आमच्या पोळीच्या तोंडाशीही मंडळाने वर्गणीतून दोन कॅमेरे लावलेत. फूटेज साठवणारा डबा खजिनदारांच्या घरी, चपलांच्या रॅकवर. पासवर्ड एक ते पाच आकडे ओळीने. कोणाची सून किती वाजता आली हे त्यांच्या घरात चहाबरोबर निघतं, असं वहिनी म्हणाल्या. मंडळाच्या सभेत मी विषय काढला. तासभर वाद झाला, दोघं उठून गेले. शेवटी ठरलं की डब्याशेजारी शंभरपानी वही ठेवायची. जो फूटेज बघेल त्याने तारीख, नाव, कारण लिहायचं, आणि पोळीतल्या कोणालाही ती वही बघता येईल.

पहिली नोंद खुद्द खजिनदारांची आहे. ‘माझी सायकल कोणी हलवली ते बघितलं. मीच हलवली होती.’